राज्य परिवहन अपील न्यायाधिकरण (महाराष्ट्र)

राज्य परिवहन अपील न्यायाधिकरण हे प्रवासी व मालवाहू वाहनांच्या परवान्यांबाबत परिवहन प्राधिकरणांनी दिलेल्या आदेशांविरुद्ध दाद मागण्याचे वैधानिक न्यायपीठ आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८९ अन्वये प्रत्येक राज्य शासनाने अशी न्यायाधिकरणे स्थापन करावयाची असतात. महाराष्ट्राचे न्यायाधिकरण मुंबई येथे आहे. नावातील ‘राज्य परिवहन’ या शब्दांमुळे त्याचा संबंध एसटी महामंडळाशी जोडला जातो. परंतु ते महामंडळाचा भाग नाही.

== पार्श्वभूमी ==
मोटार वाहन अधिनियम, १९३९ च्या कलम ६४ मध्ये परवान्यासंबंधीच्या आदेशांविरुद्ध अपिलाची तरतूद होती. मात्र अपील कोणापुढे चालावे हे नियमांवर सोपविलेले होते. परवाना देणारे आणि त्यावरील तक्रार ऐकणारे दोघेही शासनाच्या प्रभावाखाली असतील, तर अपिलास अर्थ उरत नाही, हा प्रश्न त्यातून पुढे आला. मद्रास राज्यातील बी. राजगोपाल नायडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली त्याचा निर्णय केला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दिलेल्या निकालानुसार, परवान्यांचा निवाडा करणाऱ्या प्राधिकरणांचे व न्यायाधिकरणांचे काम न्यायिक स्वरूपाचे आहे आणि त्यात कोणते निकष लावावेत याचे आदेश शासन देऊ शकत नाही. पुढे १९६९ च्या दुरुस्तीने न्यायिक अधिकारी असलेल्या राज्य परिवहन अपील न्यायाधिकरणाची तरतूद मूळ कायद्यातच करण्यात आली. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमात ती कायम राहिली.

== रचना ==
न्यायाधिकरण एकसदस्यीय असते. सदस्य जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाहून कमी नसलेला न्यायिक अधिकारी किंवा उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेली व्यक्ती असावी लागते. ज्या प्राधिकरणांच्या आदेशांविरुद्ध अपील होते ती दोन आहेत : राज्य परिवहन प्राधिकरण आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरण. महाराष्ट्रात प्रादेशिक प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे, तर सचिवपद प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांकडे असते.

== अधिकारक्षेत्र ==
कलम ८९ नुसार पुढील आदेशांविरुद्ध अपील करता येते :
* परवाना नाकारणे किंवा परवान्यास अट जोडणे
* परवाना रद्द अथवा निलंबित करणे, किंवा त्याच्या अटींत बदल करणे
* परवान्याचे हस्तांतरण किंवा नूतनीकरण नाकारणे
* प्रतिस्वाक्षरी नाकारणे
* परवान्यावरील वाहन बदलण्यास परवानगी नाकारणे

ज्या आदेशाविरुद्ध अपील होत नाही, त्याबाबत कलम ९० अन्वये पुनरीक्षण अर्ज करता येतो. त्याची मुदत आदेशाच्या दिनांकापासून ३० दिवस असून सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. जुन्या कायद्यात नव्या परवान्यास हरकत घेणाऱ्या प्रस्थापित वाहतूकदारांनाही अपिलाचा हक्क होता. कलम ८९ मध्ये तो ठेवलेला नाही.

अपघाताची नुकसानभरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागावी लागते. वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती व वाहननोंदणी यांसंबंधीच्या अपिलांसाठी अधिनियमात स्वतंत्र तरतुदी आहेत.

== कार्यपद्धती ==
परवान्याचा अर्ज नाकारताना प्राधिकरणाने कारणे लेखी दिली पाहिजेत आणि अर्जदारास म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे कलम ८० सांगते. अपिलाचा पाया बहुधा हाच असतो : कारण नमूद नसलेला किंवा संबंधितास न ऐकता दिलेला आदेश टिकणे कठीण असते. न्यायाधिकरण अपीलकर्ता व मूळ प्राधिकरण या दोघांना ऐकून निर्णय देते. हा निर्णय अंतिम असतो. तथापि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ व २२७ अन्वये उच्च न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग खुला राहतो. अपील दाखल होताच मूळ आदेश आपोआप स्थगित होतो, असे कलम ८९ मध्ये म्हटलेले नाही.

== ग्रामीण वाहतूकदारांच्या दृष्टीने महत्त्व ==
नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत ही मुंबई–आग्रा महामार्गावरील टोमॅटो, कांदा व द्राक्षांची मोठी बाजारपेठ आहे. येथील शेतमालाची वाहतूक मालमोटारींवर अवलंबून असते. एकूण भारित वजन ३,००० किलोग्रॅमपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनांना कलम ६६ अन्वये परवान्यातून सूट आहे. त्याहून जड वाहनांना परवाना आवश्यक असतो. परवान्याची मुदत साधारणतः पाच वर्षांची असते. ज्याच्याकडे एकच गाडी आहे, त्याच्या दृष्टीने परवान्याचे निलंबन म्हणजे ऐन हंगामात उत्पन्न बंद होणे आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहणे होय.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतरचा प्रसंग अधिक नाजूक असतो. वाहनाचा ताबा ज्याच्याकडे येतो त्या वारसाने ३० दिवसांत प्राधिकरणास कळविल्यास, कलम ८२ नुसार त्याला तीन महिने तो परवाना वापरता येतो. याच तीन महिन्यांत हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. हस्तांतरण नाकारले गेल्यास न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

== मर्यादा ==
पिंपळगावातील वाहतूकदाराचे प्राधिकरण सुमारे ३० किलोमीटरवरील नाशिकला आहे, तर न्यायाधिकरण सुमारे २०० किलोमीटरवरील मुंबईत. सुनावणीच्या प्रत्येक तारखेला प्रवास, वकिलाचे शुल्क आणि बुडालेला दिवस यांचा भार एकट्या वाहनमालकावर पडतो. राज्य शासनास योग्य वाटतील तितकी न्यायाधिकरणे स्थापण्याची व त्यांचे क्षेत्र ठरविण्याची मुभा कलम ८९(२) मध्ये आहे. त्यामुळे विभागवार न्यायाधिकरणे नेमण्यासाठी अधिनियमात दुरुस्तीची आवश्यकता नाही.

== हेही पाहा ==
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
* पिंपळगाव बसवंत