माहेरी सोडलं

कागदांचा गठ्ठा टेबलावर आला की वकीलबाई तो आधी उलटा करतात. पहिल्या पानावर कोणी कोणाविरुद्ध काय मागितलं ते असतं. त्यांना हवा असतो शेवटचा कागद, प्रमाणित नकलेच्या पाठीवरचा शिक्का. नकलेचा अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, हातात कधी पडली. तीन तारखा पेन्सिलीने समासात उतरतात, बोटांवर दिवस मोजले जातात, आणि मगच पाण्याचा ग्लास पुढे सरकवून त्या म्हणतात, "हं, सांगा आता."

समोरची बाई दुसऱ्या जिल्ह्यातून पहाटेच्या गाडीने मुंबईला आली आहे. सोबत भाऊ. कापडी पिशवीत निकालाच्या दोन प्रती, लग्नाची पत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या. तिचं नाव, गाव इथे येणार नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार अशा कामकाजाचा मजकूर छापता येत नाही, आणि तो कायदा नसता तरी ते छापायचं कारण नव्हतं. म्हणून वकीलबाईही निनावीच आहेत आणि खटलाही इथे नाही. त्यातलं एक वाक्य तेवढं आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरातलं असू शकतं.

तारखांची एवढी घाई कशासाठी? कुटुंब न्यायालय कायदा १९८४ सालचा. त्याच्या कलम १९ मध्ये अपिलाला ३० दिवस दिले आहेत. हिंदू विवाह कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनंतर ९० दिवस. कोणते धरायचे यावर वर्षानुवर्षं वाद चालले. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना ९० दिवस मिळतील असं ठरवलं. पण त्या मुदतीला दुसरी एक धार आहे. मुदत संपली आणि अपील दाखल नसलं, की घटस्फोट झालेल्या माणसाला पुन्हा लग्न करायची मोकळीक मिळते. ९१व्या दिवशी दुसरीकडे मांडव पडू शकतो. त्यानंतर दाखल होणाऱ्या अपिलात तिसऱ्या एका व्यक्तीचा संसारही पणाला लागतो, आणि तिचा तर या भांडणाशी काही संबंध नसतो. म्हणून आधी तारीख, मग अपिलाचा मसुदा, मग लगोलग स्थगितीचा अर्ज. बाईंची कहाणी त्यानंतर.

मग सुरू होतं खरं काम, वाचायचं.

कुटुंब न्यायालयात माणसं दिसतात. नवरा-बायको समोर उभे असतात, समुपदेशकाकडे रडतात, जिन्यात भांडतात. तिथे वकिलाला हक्काने उभंही राहता येत नाही, कायद्याने न्यायालयाची परवानगी लागते. अपिलात नेमकं उलटं. बोलणार ते वकीलच, आणि माणसं कागदात गेलेली. सरतपासणी, उलटतपासणी, निशाणी क्रमांक ३१, निशाणी क्रमांक ४७, रोजनामा. दहा वर्षांचा संसार आणि सहा वर्षांचं भांडण तीनशे पानांत बसलेलं असतं. कुटुंब न्यायालयाच्या निकालावरचं अपील दोन न्यायमूर्तींपुढे चालतं, तेही कायद्याच्या आणि घटनांच्या अशा दोन्ही मुद्द्यांवर. त्यामुळे प्रत्येक पान पुन्हा जिवंत होऊ शकतं. ते करायला ते पान आधी कोणीतरी नीट वाचलेलं असावं लागतं.

या गठ्ठ्यात ते पान ११२ क्रमांकाचं होतं. नवऱ्याचा दावा असा की बायको कारण नसताना घर सोडून गेली, दोन वर्षांहून जास्त आली नाही, म्हणून घटस्फोट द्या. उलटतपासणीत बायकोला विचारलं गेलं की पंचमीला नवऱ्यानेच तुम्हाला माहेरी आणून सोडलं, हे खरं ना? तिचं उत्तर मराठीत नोंदलेलं आहे: "हो. पंचमीला सोडलं ते सोडलंच."

मराठी कानाला यात समजून घ्यायला काही उरत नाही. पंचमीला लेक माहेरी येते, चार दिवस राहते, मग सासरचं कोणी न्यायला येतं. इथे कोणी आलंच नाही. 'सोडलं' हा शब्द वाक्यात दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिल्यांदा पोचवलं, दुसऱ्यांदा टाकलं. सगळा फरक त्या 'ते'त आणि शेवटच्या 'च'मध्ये आहे. पण निकाल इंग्रजीत लिहिला गेला आणि त्यात उतरलं एवढंच, की पतीने आपल्याला सणासाठी माहेरी पोचवल्याचं पत्नीने कबूल केलं आहे. उरलेलं अर्धं वाक्य गळलं. उच्च न्यायालयासाठी जे भाषांतर करून आणलं होतं त्यात तर ते वाक्य आणखी पातळ झालं होतं. त्याचा मराठीत अर्थ लावला तर होतो: त्यांनी मला आईवडिलांच्या घरी सोडलं आणि ते निघून गेले.

वकीलबाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि मूळ मराठी पानाची झेरॉक्स शेजारी लावली. त्या दिवशीचं काम एवढंच. बाहेरून पाहणाऱ्याला ते काम वाटणारही नाही.

अशा शब्दांची त्यांच्याकडे एक वहीच आहे. 'मला घरात कोणी विचारत नव्हतं' याचं भाषांतर 'कोणी प्रश्न विचारले नाहीत' असं होऊन येतं, आणि उपेक्षेची तक्रार पुसली जाते. 'हात उगारला'चं 'मारलं' होतं, मग बाई खोटं बोलते असं ठरतं, कारण डॉक्टरकडे जखमेची नोंद नसते. 'अबोला धरला' याला इंग्रजीत नीट शब्दच सापडत नाही. आणि सगळ्यांत अवघड 'नांदणे'. कायद्याच्या भाषेत त्याचं 'एकत्र राहणं' होतं. पण एका छपराखाली राहून न नांदलेल्या बायका या महाराष्ट्राने किती पाहिल्या आहेत! नांदण्यात सुखाने, मानाने राहणं धरलेलंच असतं. भाषांतराला तो मान दिसत नाही. कौटुंबिक अपिलात मराठी उत्तम येणं ही हौस नाही, कायद्याच्या ज्ञानाइतकीच ती गरज आहे, हे ठासून सांगायला हवं, कारण विधी महाविद्यालयात ते कोणी सांगत नाही.

याच शब्दावर मुंबई उच्च न्यायालयात एक अपील झालं, त्याला आता १४० वर्षं होत आली. फोर्टमधली आजची दगडी इमारत १८७८ साली उभी राहिली, आणि १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला. लग्न झालं तेव्हा रखमाबाई ११ वर्षांच्या होत्या, सासरी त्या कधी राहिल्याच नव्हत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं साधं होतं: जे सहजीवन कधी सुरूच झालं नाही ते पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कसा द्यायचा? 'पुन्हा' या एका शब्दावर निकाल उभा होता. १८८६ मध्ये अपील झालं, सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो फरक मानला नाही, प्रकरण परत खाली गेलं. १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करू म्हटलं. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

खटला एका बाईच्या आयुष्याचा, पण त्या दालनात युक्तिवाद करणारी एकही बाई नव्हती. बायकांना वकिलीची वाट कायद्याने मोकळी झाली ती १९२३ मध्ये. त्यानंतर मिठन टाटा या उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. न्यायमूर्तीच्या खुर्चीवर पहिली बाई, सुजाता मनोहर, बसली ती १९७८ मध्ये, म्हणजे इमारतीच्या शंभराव्या वर्षी.

अपिलाची शिडी कशी चढावी लागते ते पुण्याच्या दास्ताने खटल्यात दिसतं. वकीलबाई ज्युनिअरला पहिल्या आठवड्यात हाच निकाल वाचायला देतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेलं हे प्रकरण. खालच्या न्यायालयाने छळ मान्य करून नवऱ्याला न्यायिक फारकत दिली, जिल्हा न्यायालयाने ती रद्द केली, उच्च न्यायालयाने दुसरं अपील फेटाळलं आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी त्यात दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, छळ सिद्ध करायला फौजदारी खटल्यासारखा निर्विवाद पुरावा लागत नाही, कोणती बाजू जास्त संभवनीय एवढं पाहायचं. दोन, छळ सिद्ध झाला तरी त्यानंतर दोघं नेहमीसारखे नांदत राहिले असतील तर तो माफ केला असं धरलं जातं. नवऱ्याचं अपील तिथेच संपलं. पुन्हा तोच शब्द, नांदणं. आजही जिथे कुटुंब न्यायालय नाही त्या जिल्ह्यात ही लांब शिडी आहे. जिथे ते आहे तिथून अपील थेट उच्च न्यायालयात येतं.

पोटगीचं गणित वेगळं आहे. जुन्या कलम १२५ खालच्या, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या हुकुमावर अपील नसतं, फेरतपासणी अर्ज असतो. अंतरिम पोटगीवर रिट. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंनी उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायलाच हवं असं सांगितलं, तेव्हापासून निदान आकडे कागदावर येतात.

एक जागा अशी आहे जिथे या कामाचा जीव खरोखर गुदमरतो. लग्न पार मोडलंय, दोघं १५ वर्षं वेगळी राहतात, पण छळ किंवा त्याग पुराव्यात बसत नाही. अशा वेळी काय? कायदा आयोगाने १९७८ च्या ७१व्या अहवालात सांगितलं होतं की मोडलेलं लग्न हेच घटस्फोटाचं कारण करा. ते अजून हिंदू विवाह कायद्यात आलेलं नाही. १ मे २०२३ ला शिल्पा शैलेश प्रकरणात घटनापीठाने म्हटलं की सर्वोच्च न्यायालय अनुच्छेद १४२ वापरून असा घटस्फोट देऊ शकतं. उच्च न्यायालयाकडे तो अधिकार नाही. मग वकिलांना संपलेल्या संसारातून छळाची उदाहरणं शोधून काढावी लागतात आणि ज्यांना फक्त सुटायचं असतं त्यांना एकमेकांवर चिखल उडवावा लागतो. पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ हे असंच पडून आहे, आणि त्याची किंमत सामान्य माणसं देत आहेत.

मुलांच्या ताब्याचं अपील म्हणजे काळाशी शर्यत. निकालाच्या वेळी चार वर्षांचं मूल अंतिम सुनावणीला नऊ वर्षांचं झालेलं असतं, आणि फाइलमधल्या अहवालात मात्र ते अजून बाहुली मागत असतं. ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितलं आहे. म्हणून न्यायमूर्ती बऱ्याचदा मुलाला दालनात बोलावून घेतात, आईबाप आणि वकील बाहेर. वीस मिनिटं दार बंद असतं. त्या वीस मिनिटांत बाहेरच्या बाकावरचे आईबाप एकमेकांशी बोललेले वकीलबाईंनी दोनदा पाहिले आहेत. दोन्ही वेळा विषय मुलाच्या खाण्याचा होता.

या कामाकडे कोणी ठरवून येत नाही. पदवी झाली, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद मिळाली, अखिल भारतीय बार परीक्षा झाली, की ज्युनिअर कोणाच्या तरी चेंबरमध्ये अनुक्रमणिका बनवायला बसतो. पानांना नंबर द्यायचे, ऑफिसने काढलेली ऑब्जेक्शन्स दूर करायची: हे पान पुसट, त्याचं भाषांतर नाही, याच्यावर सही नाही. रात्री बोर्ड पाहायचा, आपलं प्रकरण कितव्या नंबरवर आहे ते पाहायचं. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला नियमाने मनाई आहे, त्यामुळे जिंकलं म्हणून जास्त पैसे मिळत नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिकडे गेली. सांगली-सोलापूरच्या पक्षकारांचा मुंबईचा रात्रीचा प्रवास वाचला. वकीलबाईंची काही कामं गेली, तरी त्या याबद्दल आनंदानेच बोलतात.

पंचमीच्या अपिलाचा नंबर लागला तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. वकीलबाईंनी कहाणी सांगितली नाही. "पान ११२, शेवटून तिसरी ओळ," एवढंच म्हणाल्या. न्यायमूर्तींनी भाषांतर वाचलं, भुवया जवळ आल्या. "मूळ मराठी आहे?" झेरॉक्स पुढे गेली. त्यांनी चष्मा वर केला आणि वाक्य मोठ्याने वाचलं: "हो. पंचमीला सोडलं ते सोडलंच."

शेजारच्या न्यायमूर्तींनी मान वळवून कागदाकडे पाहिलं. मग दुसऱ्या बाजूच्या वकिलांना विचारलं गेलं, नंतर हिला न्यायला कोणी गेलं होतं का? पुराव्यात कुठे आहे ते? ते गठ्ठा चाळू लागले.

मागच्या बाकावर ती बाई भावाजवळ बसली होती. अर्धा तास चाललेल्या इंग्रजीतलं तिला काही कळलं नव्हतं. ते एक वाक्य कळलं. तिने पदर सारखा केला आणि समोर पाहत राहिली. पाने उलटण्याचा आवाज बराच वेळ येत होता. नंतर पुढची तारीख पडली, तीन आठवड्यांनी.