दोन वेळा जेवण आणि २५६ जणांची नजर

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची आहारपद्धती दोन वाक्यांत सांगून होते. कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. मग एवढ्याशा गोष्टीसाठी ती पाळणाऱ्यांना व्हॉट्सॲपचे गट कशाला लागले?

उत्तर डोंबिवली स्टेशनबाहेर मिळतं. उभ्याने प्रवास करून रात्री आठला उतरलेल्या माणसाला वडापाव वाईट हे कुणी सांगायला नको. त्याला हवा असतो त्याच क्षणी 'घरी जा, ताक पी' म्हणणारा कुणीतरी. घरचे म्हणतील, 'एकाने काय होतंय?' गटातला माणूस तसं म्हणत नाही, कारण तोही नुकताच तिथूनच उतरलेला असतो.

गटात यायचं तर उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीए१सीचा रिपोर्ट टाकावा लागे. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, म्हणजे आदल्या दिवशी उपास करून फसवता येत नाही. तेव्हा एका गटात २५६ माणसंच मावत, म्हणून गटांवर गट निघाले.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या जीन निडेच या गृहिणीनेही असाच गट जमवला. आहार तिला महापालिकेच्या दवाखान्याने दिला होता, पण लपूनछपून बिस्किटं खाणं सुटेना. तिने मैत्रिणींना घरी बोलावून ते कबूल केलं. त्यातूनच १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. आहार जुनाच होता, नवी होती ती फक्त बैठक.

दोन जेवणांच्या पद्धतीवर आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. माझ्या मते गटाचा उपयोग त्या वादापलीकडचा आहे: ठाण्याच्या तलावपाळीवर पहाटे चालायला कुणी वाट बघत असेल तर अंथरुणात लोळत राहणं अवघड जातं. फोनवर जुळलेली ओळख अशी पायाला लागली, तरच टिकते. नुसते सुविचार फिरवणारा गट खुशाल सोडा.

मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर एकही जेवण कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. औषध तेच आणि जेवण कमी झालं, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि गटातल्या दोनशे जणांपैकी कुणालाही तुमची मात्रा माहीत नसते.