पंख्याने कोणत्या बाजूला फिरायचं, हे कोण ठरवतं?

उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघरी ऐकू येणारी तक्रार: पंख्याला पूर्वीसारखा वारा नाही. रेग्युलेटर पाचवर, तरी पाती मोजता येतील इतकी संथ. कधी तर नुसतीच घूंऽऽ अशी घरघर. मग कुणीतरी कोरड्या काठीने पात्याला ढोसतं आणि पंखा चालू लागतो. अशा वेळी नीट पाहा. काठी उजवीकडे मारली तर तो उजवीकडे फिरतो, डावीकडे मारली तर डावीकडे! कुठे जायचं, हे त्या मोटरला ठाऊकच नसतं.

घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. तारेच्या वेटोळ्यात ती जे चुंबकीय क्षेत्र उभं करते, ते एकाच रेषेत पुढेमागे होतं. गणिताच्या नजरेने ती उलटसुलट फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची बेरीज असते. दोन्हींची ओढ सारखी, म्हणून थांबलेला पंखा थांबलेलाच राहतो. काठी ज्या बाजूने पडते, त्या बाजूची सरशी होते.

यावरचा तोडगा १८८५ साली इटलीत, तुरिनला गॅलिलेओ फेरारिस यांनी शोधला. दोन वेटोळी काटकोनात ठेवली आणि एकातला प्रवाह दुसऱ्याच्या थोडा मागेपुढे केला, तर चुंबकीय क्षेत्र खरोखर गोल फिरू लागतं आणि मधलं तांब्याचं नळकांडं कुणी हात न लावता त्याच्यामागे फिरतं. निकोला टेस्ला यांनाही हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. त्यांची पेटंटं १८८८ची. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीचा जोर ओसरतो तिथे दुसरीचा सुरू होतो, तसंच हे.

पण घरातल्या पंख्याला वीज मिळते ती एकाच फेजची. दुसरा, मागेपुढे झालेला प्रवाह आणायचा कुठून? तो घडवतो कपॅसिटर. मोटरच्या वरच्या टोपणाखाली दडलेली, दोन वायरींची, बोटभर डबी. वायरमन तिला कंडेन्सरही म्हणतात. तिच्या आत प्लास्टिकच्या पट्टीवर केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ धातूचा लेप असतो. एखाद्या ठिकाणी प्लास्टिक फुटून ठिणगी उडाली, तर तिथला लेप क्षणात उडून जातो आणि ती जागा आपोआप वेगळी पडते. डबी स्वतःची जखम स्वतः बुजवते! मला या सगळ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. मात्र प्रत्येक जखमेला चिमूटभर लेप खर्ची पडतो, क्षमता घटते आणि वर्षानुवर्षं पंखा मंदावत जातो.

म्हणून पंखा सावकाश झाला की पहिला संशय या डबीवर घ्यावा. किंमत शंभर रुपयांच्या आत. पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईची लोहार चाळ, कुठेही मिळते. जुन्या डबीवरचे आकडे वाचा, बहुधा २.५ मायक्रोफॅरड, आणि तेच आकडे असलेली घ्या.

बदलण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, मेन स्विचच पाडायचा. जुन्या घरांत बटण कधी कधी न्यूट्रलवर जोडलेलं असतं; पंखा बंद दिसतो आणि वायरीत वीज असते. मग टेस्टर लावून खात्री करा. शिडी डुगडुगणारी नको, खाली धरायला कुणीतरी हवं. जुन्या डबीची दोन टोकं मूठ इन्सुलेटेड असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना टेकवा, उरलासुरला भार निघून जातो. कोणती वायर कुठे होती याचा फोटो काढा आणि नवी डबी तिथेच जोडा. डबीला अधिक-उणे नसतं, तिची दोन टोकं उलटी लागली तरी चालतात. पण मोटरकडून येणाऱ्या वायरींची अदलाबदल झाली, तर पंखा उलटा फिरून वारा छताकडे फेकू शकतो. जळका वास येत असेल किंवा वायरीचं आवरण तडकलेलं दिसलं, तर हात आवरा आणि वायरमनला बोलवा.

नव्या बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या) पंख्यांत ही डबी नाही. तिथे फिरतं क्षेत्र सर्किट घडवतं आणि जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो तिथे हा तीसेक वॉटवर भागवतो. हा फायदा मोठा आहे. पण ते सर्किट बिघडलं, तर घरी दुरुस्त करण्याजोगं त्यात फारसं काही सापडत नाही. जुना पंखा घरात आहे तोवर त्याचं टोपण एकदा तरी स्वतः उघडून पाहावं.