मोबाइलवरील वाद आणि त्याची पथ्ये

दुपारचे जेवण आटोपून घरातील मंडळी जरा आडवी झाली आहेत. आजोबा मात्र चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइल नाकाशी धरून एकेक अक्षर शोधीत काहीतरी लिहीत आहेत. मध्येच स्वतःशी हसतात, मध्येच ‘मुळात कलमच वाचलेले नाही यांनी’ असे पुटपुटतात. वाचकहो, हे दृश्य आपल्याही घरातील असेल. कदाचित ते आजोबा आपण स्वतःच असाल. सुनेला वाटते, या वयात हा कसला नाद. मुलाला रक्तदाबाची काळजी. मला विचाराल तर हा नाद सोडवू नये. औषधाला पथ्य असते तसे यालाही पथ्य आहे, एवढेच. ते मी स्वतः मोडले आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून हे लिहीत आहे.

आम्हा निवृत्त सहकाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक समूह आहे. सभासद ३४. सकाळी फुलांची चित्रे आणि सुप्रभात होते, दहानंतर खरा रंग भरतो. कोणीतरी बातमी टाकतो: ‘उद्यापासून नवे नियम, संदेशापुढे दोन निळ्या खुणा आणि एक लाल दिसली, तर सरकार कारवाई करणार.’ लगेच दुसऱ्याला घाम फुटतो, तिसरा समूहप्रमुखाला तुरुंगाची भीती घालतो. अशा वेळी आमचे एक स्नेही, ज्यांनी लेखा विभागात हयात घालवली, एकच प्रश्न टाकीत: ‘आधार काय?’ आम्ही त्यांना थट्टेने वकीलसाहेब म्हणत असू.

त्यांच्यामुळे आम्ही पुष्कळ शिकलो. तीन खुणांचा तो संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे वारंवार सांगितले आहे. समूहप्रमुखाच्या भीतीवरही त्यांनी उतारा काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट नसेल तर, समूहप्रमुख जबाबदार ठरत नाही. कोणी ‘६६अ’ कलमाचा धाक घातला की ते शांतपणे लिहीत, ‘ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच घटनाबाह्य ठरविले.’ पालघरच्या दोन तरुणींना २०१२ साली फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली होती, त्या घटनेनंतर हे प्रकरण न्यायालयात गेले, हेही ते आवर्जून सांगत.

एकदा कोणीतरी म्हणाले, आपल्या वयात आता कसली गोपनीयता नि काय. वकीलसाहेबांनी न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची गोष्ट सांगितली. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या या निवृत्त न्यायाधीशांनी आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती २०१२ साली, वयाच्या ८६व्या वर्षी. त्या याचिकेच्या ओघात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमुखाने गोपनीयतेला मूलभूत हक्क मानले, तेव्हा याचिकाकर्ते ९१ वर्षांचे होते. त्या दिवशी आमचा समूह बराच वेळ गप्प होता. सगळ्यांनी मनातल्या मनात आपले वय मोजले असावे.

आणि मग मी ती थट्टा केली. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाबद्दल लिहिताना त्यांनी साल २०२२ लिहिले. २०२२चा तो केवळ मसुदा होता. अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ रोजी मिळाली. मी लिहिले, ‘वकीलसाहेबांची सनद रद्द!’ खाली हसरे चेहरे आले, एकामागून एक, अकरा. कट्ट्यावर हीच थट्टा केली असती, तर माझ्या चेहऱ्यावरील स्नेह त्यांना दिसला असता आणि चहाच्या घोटाबरोबर ती विरघळून गेली असती. लिहिलेल्या थट्टेला आवाज नसतो. वाचणारा आपल्या मनःस्थितीचा आवाज तिला देतो. त्यांच्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. रात्री साडेअकराला ते समूहातून बाहेर पडल्याची करड्या रंगाची ओळ उमटली. उद्या दूरध्वनी करू, असे मी ठरविले. तो उद्या आला नाही.

चार महिन्यांनी त्यांच्या नाशिकच्या कन्येकडून कळले. ‘आपल्या नावे आलेल्या टपालात अमली पदार्थ सापडले आहेत’ असा फोन, मग पडद्यावर गणवेशातील माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, आणि ‘आपल्याला डिजिटल अटक झाली आहे, खोली सोडायची नाही, कोणाशी बोलायचे नाही’ असा हुकूम. दोन दिवस हा माणूस आपल्याच घरात बंदी होता. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्याने मुदत ठेव मोडली. पुढे मी भेटायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, “अशी अटक कायद्यात नाही, हे मला माहीत होते हो. पण कोणाला तरी विचारावेसे वाटत होते, आणि विचारायला कोणी उरले नव्हते.” मुलीने १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदविली, म्हणून काही रक्कम गोठवली गेली आणि परत मिळाली. बाकीची गेली.

डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्येही हे सांगितले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्यांची स्वतःहून दखल घेतली, तीही हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याच्या पत्रावरून. परंतु ज्ञान असूनही माणूस फसतो, कारण हे गुन्हेगार सर्वप्रथम त्याला एकटे पाडतात. आमच्या मित्राचे ते काम आम्ही आधीच करून ठेवले होते.

एकटेपणाची बाब वैद्यकशास्त्रही हलकी मानीत नाही. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत सामाजिक एकाकीपणा आहे, तसेच उपचार न केलेले दृष्टिदोष आणि श्रवणदोषही आहेत. म्हणून काळजीवाहकांना विनंती की, आजोबांच्या मोबाइलवर चिडण्याआधी त्यातील अक्षरे मोठी करून द्या, बोलून मराठी लिहिण्याची सोय शिकवा, चष्म्याचा क्रमांक तपासून आणा. आणि संध्याकाळी सहज विचारा, ‘आज कशावरून जुंपली?’ उत्तर देताना त्यांना सारा युक्तिवाद पुन्हा मांडावा लागतो. मात्र नेहमी बोलणारा माणूस एकाएकी गप्प झाला, दार लावून कुजबुजत्या आवाजात बोलू लागला, ठेवींची चौकशी करू लागला, तर तो प्रश्न उद्यावर टाकू नका.

आता पथ्याकडे वळू. ते नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी, हे सांगताना तिचे दोन प्रकार केले आहेत: स्नेहाने केलेली ती संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली ती विगृह्य संभाषा. दुसरी तीव्र झाली की काहींच्या मनात द्वेष उपजतो आणि क्रुद्ध माणूस काय करील, काय बोलेल याला धरबंध राहत नाही, असा इशाराही तेथे आहे. आपल्या समूहांत पहिली कधी संपते आणि दुसरी कधी सुरू होते, हे माझ्या अनुभवाने रात्री दहानंतर कळेनासे होते. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये २८० निरोगी तरुणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. संताप आणणारा प्रसंग आठ मिनिटे आठवायला लावल्यावर रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता सुमारे ४० मिनिटांपर्यंत घटलेली आढळली. ही तरुणांची गोष्ट. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब वा हृदयविकाराची औषधे चालू असलेल्यांनी, अंथरुणात पडून प्रत्युत्तरे लिहू नयेत, हे त्यासाठी निराळे सांगायला नको. रात्री नऊनंतर कायदा नाही, असा आमच्या समूहात आता नियम आहे. तो मोडणाराही असतो. त्याला सकाळी उत्तर मिळते.

बातमी पुढे ढकलण्यापूर्वी ती कोणत्या तारखेची, कोणत्या न्यायालयाची, हे पाहावे; तेवढ्यानेच निम्मे वाद मिटतात. चूक दाखवायची ती सर्वांसमक्ष नव्हे, खासगीत, आणि शक्य तर आवाजात. कोणी समूह सोडला, तर त्याच दिवशी फोन. या शेवटच्या पथ्याबाबत मी फार काटेकोर झालो आहे, काहींना त्याचा जाचही होतो.

वकीलसाहेब परत आले आहेत. त्या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत; तेव्हापासून त्यांनी कलम १४ धरून ठेवले आहे. आपला मृत्यू झाला किंवा आपण अक्षम झालो, तर आपल्या माहितीविषयीचे हक्क आपल्या वतीने कोणी बजावावेत, याचे नामनिर्देशन करण्याचा अधिकार त्या कलमाने दिला आहे. घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्या प्रत्येक कुटुंबाने ते वाचावे. गेल्या मंगळवारी त्यांनी लिहिले की, मुलगी लांब असेल तर शेजाऱ्याचे नाव द्यावे. मला ते पटले नाही. लिहिण्याऐवजी मी त्यांच्या घरी गेलो; चहा झाला, कलम दोघांनी मोठ्याने वाचले. ‘अक्षमता’ या शब्दापाशी आमचे अजून जमलेले नाही, म्हणून या मंगळवारी पुन्हा जायचे आहे.