काकूंचा कोरा तवा

परवा बचत गटाच्या बैठकीला मी बटाट्याची धिरडी करून नेली. "उपवासाची का हो ताई?" एकीने विचारलं. "नाही गं, कांदा आहे त्यात. यहुदी लोकांच्या सणाची आहेत," म्हटल्यावर दोघींचे घास हातातच थांबले. मला राग नाही आला, कारण चोवीस वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं.

बी.ए.साठी मी भोरहून पुण्याला मावशीकडे, रास्ता पेठेत राहायला गेले. शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं. मराठी अगदी आपल्यासारखंच. ही मंडळी मूळची आपल्या वरंधा घाटाखालच्या कोकणातली. पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असं ते परंपरेने सांगतात. गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

डिसेंबरात त्यांच्याकडे हनुक्का होता. काकूंनी ताट पुढे केलं. आमचं घर माळकरी, त्यात अंडं घातलेलं. पण खरं सांगायचं तर नुसतं अंड्याचं कारण नव्हतं, त्यांच्या घरचं खायलाच मन कचरत होतं. मी म्हटलं, "काकू, माझा मार्गशीर्षातला गुरुवार आहे." काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बुधवार होता! त्या एवढंच म्हणाल्या, "बरं बाळा."

पुढच्या वर्षी त्यांनी मुद्दाम हाक मारली. ओट्यावर कोरा तवा होता. "यावर अजून काहीच केलेलं नाही. अंडं नाही, दूध नाही. आता तरी खाशील ना?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

हनुक्का हा तेलाचा सण. सुमारे २२०० वर्षांपूर्वी जेरुसलेमचं मंदिर परत मिळालं, तेव्हा दिव्यापुरतं एकच दिवसाचं शुद्ध तेल उरलं होतं. ते आठ दिवस पुरलं, अशी कथा. म्हणून आठ संध्याकाळी रोज एकेक दिवा वाढवत लावतात आणि तळलेलं खातात. ही धिरडी, म्हणजे 'लाटके', मूळची पूर्व युरोपातल्या यहुद्यांची. काकूंच्या आजीला ती ठाऊकही नव्हती. त्यांचा जुना खास पदार्थ म्हणजे पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून त्यांच्या स्वयंपाकात नारळाच्या दुधाचा वापर फार.

आता कृती. चार मोठे बटाटे आणि एक कांदा किसा. फडक्यात घालून घट्ट पिळा, पण पाणी फेकू नका! पाच-दहा मिनिटांनी तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी ओतून साका किसात मिसळा. दोन चमचे तांदळाची पिठी (आपल्याकडच्या इंद्रायणीची छान होते), मीठ, मिरपूड घाला. अंड्याचं काम हा साका आणि पिठी करतात. कीस लगेच वापरा, नाहीतर काळा पडतो. तव्यावर सढळ तेल तापवून चमच्याने पातळ थापा आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजू खरपूस करा. सोबत चिंच-गुळाची चटणी.

आता याला 'व्हीगन' म्हणतात म्हणे. काकूंनी तो शब्द ऐकलाही नसेल. शेजारची पोर उपाशी जाऊ नये, एवढंच त्यांना कळत होतं.

मैत्रिणींनो, कुणाच्या डब्याला हात लावायचा आणि कुणाच्या नाही, हे आपल्या बैठकीत अजूनही न बोलता ठरलेलं असतं. हे सगळं सांगितल्यावर त्या दोघींपैकी एकीने घास तोंडात घातला. दुसरीने पदराआड ठेवून दिला. असू दे. मलाही एक वर्ष लागलं होतं.

काकू आता मुलीकडे इस्राएलला असतात. दर हनुक्काला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, आज कोणता वार?"