विमानाच्या पोटाचे दार कुठे असते?

उसाची गाडी भरताना घरातला जाणता माणूस दोन गोष्टी पाहतो. भार आसावर नीट बसला की नाही आणि दोर आवळून बांधला की नाही. मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळते, पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर येतो. या दोन गोष्टी न पाहता साखराळ्याच्या कारखान्याची वाट धरली तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. आभाळातल्या विमानाचेही असेच आहे बरे!

इस्लामपूर भागातली मुले आता शिक्षणाला, नोकरीला परदेशी जातात. त्यांना भेटायला आईवडीलही विमानात बसतात. मुंबईच्या विमानतळावर बॅग पट्ट्यावर ठेवली की ती दिसेनाशी होते. ती विमानात शिरते कुठून? चला, आज तेच पाहू.

माणसे डावीकडून, सामान उजवीकडून

एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ हे जेट विमान आणले. त्याचे अंग लांबलचक नळीसारखे. नळीच्या मधोमध आडवी जमीन घातलेली. वर माणसे बसत आणि जमिनीखालच्या पोटात सामान जाई. या पोटात दोन कोठारे होती, एक पंखांच्या पुढे आणि एक मागे. दोन्हींची दारे विमानाच्या उजव्या अंगाला होती. उतारू मात्र डाव्या अंगाने चढत.

असे का? लग्नघरी पाहुणे पुढच्या दाराने येतात आणि आचाऱ्याची भांडी परसदाराने जातात, तसेच हे. डावीकडे जिना लावून माणसे चढत असतात, त्याच वेळी उजवीकडे सामानाच्या गाड्या उभ्या राहतात. कोणी कोणाच्या पायात येत नाही आणि वेळही वाचतो.

कोठारे पुढे-मागे करण्याचे कारण आपल्या गाडीचेच. विमानाचा भार पंख पेलतात. पंख म्हणजे जणू गाडीचा आस. पुढच्या व मागच्या कोठारात किती वजन टाकायचे याचा हिशेब उड्डाणापूर्वी कागदावर मांडतात. शेपटीकडे भार फार झाला तर विमान जमिनीवरच मागे कलंडू शकते. म्हणून पुष्कळ विमानांत भरताना आधी पुढचे कोठार भरतात आणि उतरवताना आधी मागचे रिकामे करतात.

मोठे विमान, मोठी दारे

१९७१ साली एअर इंडियाकडे बोइंग ७४७ हे प्रचंड विमान आले. त्याच्या पोटातल्या मुख्य दोन दारांची रुंदी सुमारे साडेआठ फूट आणि उंची साडेपाच फूट. एकेक बॅग हाताने आत रचण्याऐवजी भरलेली मोठी पेटीच आत सरकवायची. ही दारेही उजव्या अंगालाच.

१९८८ साली याच जातीची आणखी दोन विमाने आली. त्यांतल्या एकाचे नाव होते ‘शिवाजी’. त्यात पुढे उतारू आणि त्याच मजल्यावर मागे माल अशी सोय होती. त्यासाठी डाव्या अंगाला, पंखाच्या मागे, सुमारे अकरा फूट रुंद आणि दहा फूट उंच दार होते. आपल्या गोठ्याच्या दारापेक्षाही मोठे!

लहान विमानांची तऱ्हा वेगळी. कोल्हापूरला उजळाईवाडीच्या विमानतळावर एटीआर जातीची पंख्याची विमाने उतरत आली आहेत. त्यांच्या जमिनीखाली कोठाराला जागाच नाही. म्हणून वैमानिकाच्या पाठीमागे सामानाची खोली, तिचे दार पुढे डावीकडे. आणि उतारू चढतात मागच्या दाराने. जुन्या डाकोटा विमानाचे मोठे दार मागे डावीकडे असे. त्याला शेपटीखाली चाक होते, त्यामुळे मागची बाजू जमिनीजवळ येई आणि माल चढवणे सोपे जाई.

कडी नीट बसली का?

आता दोराची गोष्ट. उंचावर हवा विरळ, म्हणून विमानात हवा कोंडून ठेवतात. उतारूंची दारे बहुधा हौदाच्या बोळ्यासारखी आतून घट्ट बसतात. आतला रेटा वाढला की ती अधिकच आवळतात. सामानाचे दार आत उघडले तर कोठारातली जागा वाया जाते. म्हणून मोठ्या विमानांत ते बाहेर उघडते आणि सारी भिस्त कड्यांवर राहते. ७४७ च्या एका दारावर उंचावर सुमारे पंचवीस टनांचा रेटा येतो. दोन-दोन टन ऊस भरलेल्या बारा गाड्या एका दारावर!

डीसी-१० या अमेरिकी विमानाच्या मागच्या सामानाच्या दाराची कडी सदोष होती. १२ जून १९७२ रोजी कॅनडातल्या विंडसरवर असे एक दार उडाले. वैमानिकाने शिकस्त करून सर्वांना सुखरूप उतरवले. एवढा इशारा मिळूनही दुरुस्ती नेटाने झाली नाही. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ तुर्की कंपनीच्या डीसी-१० चे तेच दार उडाले. वरची जमीन खचली, तिच्याखालून जाणाऱ्या सुकाणूच्या तारा तुटल्या आणि ३४६ माणसे गेली.

दार लावणाऱ्या कामगाराचा यात दोष नव्हता. कडी आत नीट बसली नसतानाही बाहेरचा दांडा बसत होता. दारावरची सूचना इंग्रजी आणि तुर्की भाषेत होती. त्याला त्या दोन्ही वाचता येत नव्हत्या. कडी बसली की नाही हे पाहायला दारात छोटी काचही होती. त्या दिवशी तिच्यातून पाहणी झाली नाही. या अपघातानंतर मात्र कड्या बदलल्या आणि दार उडाले तरी जमीन खचू नये अशी रचना सक्तीची झाली.

वाचकहो, हे विमानापुरते नाही. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर, मळणी यंत्रावर, गॅसच्या शेगडीवर सूचना लिहिलेली असते. ती घरात ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावी आणि ज्याच्या हाती काम आहे त्याला समजेपर्यंत सांगावी. कडी लावली म्हणून भागत नाही, ती बसली का हे डोळ्यांनी पाहावे लागते.