विश्लेषण : मत्स्यबीज फस्त करणारे पाणढेकूण आणि पाणविंचू वेगळे कसे?

पावसाळ्यात पोंभुर्ण्यासह चंद्रपूर, गडचिरोलीतील मामा तलाव आणि बोड्या भरल्या, की मत्स्यबीज सोडण्याची लगबग सुरू होते. सोडलेल्या बीजापैकी किती मासे हाती लागणार, हे पाण्यातील शिकारी कीटकांवरही अवलंबून असते. त्यातील दोन प्रमुख कीटकांविषयी...

ओळखायचे कसे?
दोन्ही ढेकणाच्याच गणातील. पाणढेकूण चपटा, लंबगोल व तपकिरी असतो. त्याची मोठी जात ६ ते ८ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि रात्री दिव्याकडे झेपावते. पाणविंचवाचे शरीर सडपातळ, वाळक्या पानासारखे असते व मागे लांब शेपटी दिसते. ही शेपटी म्हणजे नांगी नव्हे, तर श्वासनळी.

शिकार कशी करतात?
पाणढेकूण मागच्या झालरदार पायांनी वेगाने पोहतो. पाणविंचू पोहण्यात कच्चा. तो गवताला धरून दबा धरतो. पुढच्या पायांनी भक्ष्य पकडायचे, सोंड खुपसून लाळ सोडायची आणि आतील द्रव शोषायचा, ही रीत मात्र दोघांची एकच. हाताळल्यास दोघेही सोंडेने वेदनादायक दंश करू शकतात.

पिलांची काळजी कोण घेतो?
लहान पाणढेकणांमध्ये मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि पिले बाहेर येईपर्यंत नर ती वाहतो. पाणविंचवाची मादी ओल्या चिखलात किंवा पाणवनस्पतीत अंडी घालून निघून जाते.

मत्स्यजिऱ्यांना वाचवायचे कसे?
दोघेही पाण्याबाहेरची हवा घेतात. नेमका याच गोष्टीचा उपयोग संगोपन तळ्यात होतो. जिरे सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास आधी हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल व १८ किलो साबणाचे मिश्रण वारा नसताना पसरतात. तवंगामुळे हवा मिळत नाही आणि कीटक गुदमरतात. हा उपाय लहान तळ्यांसाठी आहे. मोठ्या तलावात जिऱ्यांऐवजी बोटुकली सोडणे सोयीचे, कारण आकार वाढला की धोका घटतो.

मग हे कीटक शत्रूच का?
नाही. डासांच्या अळ्या हेही त्यांचे खाद्य. त्यामुळे संगोपन तळ्यात त्यांना आवर घालणे गरजेचे असले, तरी गावतलावात आणि धानाच्या बांधीत त्यांचे असणे फायद्याचेच ठरते.